जांभळाच्या रंगाची मुदत

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेले असले, तरी त्याचा हंगाम मे महिन्याच्या उत्तरार्धापासून पावसाने जोर धरेपर्यंतच्या मोजक्या आठवड्यांचाच असतो, आणि झाडावरून उतरवलेले पिकले फळ साध्या हवेत दोन-तीन दिवसांपलीकडे धड राहत नाही. फळाहूनही नाजूक असतो तो त्याचा रंग. जांभळाच्या सालीत आणि सालीलगतच्या गरात अँथोसायनिन या कुळातील रंगद्रव्ये असतात. डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन या रेणूंना साखरेचे दोन-दोन रेणू जोडले जाऊन ती मुख्यतः तयार होतात, पाण्यात सहज विरघळतात आणि भोवतालच्या आम्लतेप्रमाणे रंग पालटतात. आम्लता दर्शवणाऱ्या सामू या मापावर द्रावण तीनच्या खाली असेल तर ती लाल दिसतात, चार-पाचच्या आसपास फिकट होत जवळजवळ रंगहीन होतात, आणि सातच्या पुढे निळसर होऊन लवकरच तुटू लागतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रसापेक्षा अधिक निळी दिसते आणि सदऱ्यावरचा डाग साबण लावताच निळा पडतो, तो याच गुणामुळे. हळदीतील कर्क्युमिनही असेच हळवे आहे. ते अल्कलीत लाल होते, म्हणूनच हळदीपासून कुंकू करता येते, आणि उन्हात ठेवले की उडून जाते.

असे रंगद्रव्य एखाद्या खाद्य पदार्थाच्या पातळ कवचात बंद करून त्याचे सूक्ष्म कण बनवण्याच्या तंत्राला सूक्ष्मावेष्टन, म्हणजेच मायक्रोएन्कॅप्स्युलेशन, म्हणतात. आतल्या द्रव्याला गाभा आणि बाहेरच्या कवचाला वेष्टन म्हणायचे. कणाचा व्यास काही मायक्रोमीटरपासून काहीशे मायक्रोमीटरपर्यंत असू शकतो, आणि मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या तंत्राचा पहिला मोठा उपयोग अन्नात झाला नाही. अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी १९५० च्या दशकात कार्बनविरहित नक्कलकागदासाठी रंग देणाऱ्या द्रवाचे असे कण बनवले, आणि लेखणीच्या दाबाने ते फुटले की खालच्या कागदावर अक्षर उमटू लागले. कवच योग्य वेळी फुटावे यासाठीच ते बनवले होते, ही गोष्ट पुढील चर्चेत लक्षात ठेवण्याजोगी आहे. महाराष्ट्रात या विषयावर मुंबईच्या माटुंग्यातील इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमध्ये काम झाले असून, तेथील प्रा. रेखा सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हळदीच्या ओलिओरेझिनला, म्हणजे हळदीतून काढलेल्या रंग-वासयुक्त दाट अर्काला, पुलुलान नावाच्या शर्करायुक्त बहुवारिकाचे वेष्टन देण्याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१० साली कोकमाच्या अँथोसायनिनवर तसाच अभ्यास मांडला.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात जांभळाची झाडे आणि रसायनांचे कारखाने एकाच नदीखोऱ्यात नांदतात, आणि त्यामुळे या तंत्राविषयीच्या दोन भूमिका येथे जितक्या स्पष्टपणे समोरासमोर येतात तितक्या अन्यत्र क्वचितच येत असतील. त्या भूमिका येथे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत: एक, बदलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या अध्यापिका, आणि दुसरा, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा प्रक्रिया अभियंता, जो कधीकाळी त्यांचा विद्यार्थी होता आणि आजही त्यांना बाई म्हणूनच हाक मारतो.

अध्यापिकांचा पहिला आक्षेप तंत्रावर नाही, हेतूवर आहे.

अध्यापिका: "अँथोसायनिन टिकत नाही म्हणून त्याला नावे ठेवणे बरोबर नाही. एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारे आणि समोर येईल त्याच्यावर तुटून पडणारे जे कण असतात, त्या मुक्तकणांशी हा रेणू चटकन अभिक्रिया करतो, म्हणून तर त्याला अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजले जाते. जी तत्परता शरीराच्या कामी येईल अशी आशा बाळगली जाते, तीच बाटलीत त्याचा नाश करते. ती तत्परताच तू बंद करून ठेवलीस, तर रंग राहील, पण त्या रंगाचा उपयोग काय?"

अभियंता: "बाई, बंद करायची आहे ती तत्परता नव्हे, तिचा अवेळी होणारा खर्च. जांभळाचा रस तापवून बाटलीत भरला की रंगाचा काही भाग तेथेच जातो, आणि उरलेला फडताळातल्या बाटलीत महिन्यागणिक तपकिरी होत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की या नासाडीचा वेग साधारणपणे दुप्पट-तिप्पट होतो. त्यात कोणी गुणकारी म्हणून आवळ्याचा रस मिसळला, तर क जीवनसत्त्व आणि अँथोसायनिन एकमेकांना अधिकच लवकर संपवतात. मग मिठाईवाला आणि सरबतवाला कृत्रिम रंगाकडे वळतो, कारण तो रंग उन्हाला, उष्णतेला आणि आम्लाला दाद देत नाही. जांभळाचा रंग टिकवता आला नाही, तर त्याची जागा दुसरा रंग घेणारच."

अभियंत्याचा हा मुद्दा हलका नाही. भारतात अन्नासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि त्यांचे प्रमाण बहुतेक पदार्थांत किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित केलेले आहे. परंतु मर्यादा कागदावर असणे आणि जत्रेतल्या गोळेवाल्याच्या हातात ती पाळली जाणे यांत अंतर आहे. २००७ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाचा मुलांच्या चंचलतेशी संबंध दाखवला, आणि जुलै २०१० पासून युरोपीय संघात अशा सहा रंगांच्या पाकिटांवर इशारा छापणे सक्तीचे झाले. नैसर्गिक रंग टिकाऊ करण्याची धडपड जगभर वाढली, त्यामागे हेही एक कारण आहे.

तंत्राचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. अन्नउद्योगात सर्वाधिक वापरली जाते ती तुषार-शुष्कन, म्हणजे स्प्रे ड्रायिंग, ही पद्धत: रस आणि वेष्टनाचे द्रव्य एकत्र विरघळवून त्याचे बारीक तुषार गरम हवेच्या उंच कोठीत सोडले जातात, पाणी उडून जाते आणि खाली कोरडी भुकटी पडते. आत शिरणारी हवा १५० ते १८० अंश सेल्सिअस इतकी तापलेली असते, हे ऐकून अध्यापिकांनी अशा कोठीत नाजूक रंग जगेलच कसा, असे विचारले. त्यावर अभियंत्याने माठाचे उदाहरण दिले, की झिरपणारे पाणी उडत असेपर्यंत माठ जसा उन्हातही गार राहतो, तसा प्रत्येक थेंब आतले पाणी संपत येईपर्यंत हवेपेक्षा पुष्कळ थंड असतो, आणि पाणी संपते त्या क्षणी त्याचा कण होऊन तो सुमारे ८० ते ९० अंशांच्या हवेबरोबर बाहेर पडतो. हा सगळा प्रवास काही सेकंदांचा असतो.

खरी अडचण उष्णतेची नाही, साखरेची आहे. कोरडी साखर एका विशिष्ट तापमानाखाली काचेसारखी कडक असते आणि त्यावर गेली की मऊ व चिकट होते. या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. जांभळात मुख्यत्वे असणाऱ्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरांचे हे तापमान अनुक्रमे सुमारे ३१ आणि ५ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे नुसता रस कोठीत सोडला, तर भुकटी न होता भिंतींवर पाकासारखा थर बसेल, आणि कशीबशी भुकटी झालीच तरी अंबरनाथच्या दमट हवेत पाकीट उघडताच तिचा गोळा होईल. म्हणून स्टार्च तोडून केलेले माल्टोडेक्स्ट्रिन त्यात मिसळतात, कारण त्याचे काचसंक्रमण तापमान १०० अंशांच्या वर असते आणि मिश्रणाचेही हे तापमान ते वर ओढून धरते.

याच ठिकाणी अध्यापिकांनी जो प्रश्न विचारला, तो या सबंध चर्चेतला सर्वांत वजनदार प्रश्न आहे.

अध्यापिका: "माल्टोडेक्स्ट्रिन किती घालतोस?"

अभियंता: "रसातल्या घन द्रव्याच्या एका भागाला वेष्टनाचे चार भाग, असे प्रमाण पुष्कळदा घेतले जाते. कधी कमीही चालते, पण निम्म्याच्या खाली क्वचित येते."

अध्यापिका: "म्हणजे पाच ग्रॅमच्या चमच्यात चार ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन. ते पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते, आणि रक्तातली साखर जवळपास शुद्ध ग्लुकोजच्याच वेगाने वाढवते. जांभळाची भुकटी कोण विकत घेतो, हे तुला सांगायला नको. घरात कोणाला तरी मधुमेह असतो, शेजारी सांगतात जांभूळ चांगले, हंगाम संपलेला असतो, म्हणून पाकीट आणले जाते. त्या माणसाच्या हातात चार भाग स्टार्च आणि एक भाग जांभूळ देणे, याला कोणत्या अर्थाने आरोग्यदायी अन्न म्हणायचे?"

अभियंत्याने हा आक्षेप टाळला नाही. त्याने सांगितले, की वेष्टनासाठी दुसरी द्रव्ये आहेत: बाभळीच्या कुळातील झाडांपासून मिळणारा गम अरेबिक, जो शरीरात तंतुमय पदार्थासारखा वागतो आणि त्याच घराण्यातला डिंक हिवाळ्यात लाडवांतून खाल्ला जातो, चिकोरीच्या मुळातील इन्युलिन, पचनाला दाद न देणारे डेक्स्ट्रिन, दुधाच्या निवळीतील प्रथिने. परंतु गम अरेबिकचा मोठा पुरवठा सुदानमधून होतो आणि त्याच्या भावात चढउतार फार असतात, देशी डिंकाची प्रत एका पोत्यापासून दुसऱ्या पोत्यात बदलते, आणि दाट डिंकाचे द्रावण तुषार फोडणाऱ्या तोंडातून सुरळीत जात नाही. दुसरा मार्ग असा, की रस आधी विशिष्ट राळेच्या स्तंभातून सोडायचा, म्हणजे रंगद्रव्य राळेला चिकटून राहते आणि साखर पाण्याबरोबर वाहून जाते. मग आम्लयुक्त अल्कोहोलने रंग सोडवून घेतला, की वेष्टन पुष्कळ कमी लागते. मात्र तसे केले, की हाती येतो तो फळाचा अर्क असतो, त्याला फळाची भुकटी म्हणता येत नाही, आणि अध्यापिकांनी हा फरक लगेच नोंदवला.

या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे ऐकून घेतल्यावर एक गोष्ट ठामपणे म्हणावी लागते. मधुमेही ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून विकल्या जाणाऱ्या जांभळाच्या भुकटीत माल्टोडेक्स्ट्रिनचे वेष्टन असूच नये, आणि इतर कोणत्याही भुकटीत ते असेल तर त्याचे प्रमाण टक्क्यांत छापले जावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देण्याचा नियम आहे. पण यादीत पहिले नाव माल्टोडेक्स्ट्रिनचे आहे, ही गोष्ट पाकिटावरच्या टपोऱ्या जांभळांच्या चित्रापुढे कोणाच्या लक्षात येणार? एका मात्रेत अँथोसायनिन किती मिलिग्रॅम आहे, हा आकडा तर बहुधा कोठेच नसतो, आणि तोच आकडा या सगळ्या खटाटोपाचे मोल ठरवणारा आहे.

त्यानंतर वाद पोटात शिरला.

अभियंत्याने म्हटले, की वेष्टन रंगद्रव्याचे जठरातल्या आम्लापासून रक्षण करते, असे जाहिरातीत सांगितले जाते. अध्यापिकांनी त्याला वाक्य पूर्णही करू दिले नाही.

अध्यापिका: "अँथोसायनिनला जठराचे भय कशाला? तिथला सामू दोन-तीनच्या आसपास, म्हणजे त्याला सर्वांत मानवणारा. त्याचा घात होतो तो पुढे, लहान आतड्यात, जिथे सामू सहा-सातवर जातो. आणि तुझे माल्टोडेक्स्ट्रिन पाण्यात पडताक्षणी विरघळते. भुकटीचे सरबत केले, की कवच पेल्यातच संपले. शिवाय खाल्लेल्या अँथोसायनिनपैकी मूळ रूपात रक्तात पोहोचणारा भाग फारच थोडा, साधारण शेकडा एकाच्या आसपास मोजला गेला आहे. उरलेले मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू त्याचे लहान लहान फिनॉलिक आम्लांत रूपांतर करतात. म्हणून 'जठरातून सुखरूप' या शब्दांत काही अर्थ नाही."

अभियंता: "मान्य आहे. विरघळणारे वेष्टन फक्त साठवणीपुरते रक्षण करते, आणि तेवढेच सांगितले पाहिजे. आतड्यापर्यंत न्यायचे असेल, तर भिंत वेगळी हवी. समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटचे द्रावण कॅल्शियमच्या द्रावणात थेंब-थेंब सोडले, की लागलीच जेलीसारखे मणी बनतात. ते आम्लात आक्रसून घट्ट होतात आणि आतड्याच्या सौम्य वातावरणात फुगून सैल होतात."

हे मणी बनताना पाहिले, तर त्यांतली उणीव डोळ्यांना दिसते. जांभळाचा रस घातलेल्या अल्जिनेटचा थेंब पडतो, क्षणात गोल होतो, आणि भोवतालचे स्वच्छ द्रावण हळूहळू गुलाबी होऊ लागते. अँथोसायनिन पाण्यात विरघळणारे आणि अल्जिनेटचे जाळे सच्छिद्र, त्यामुळे रंग मण्यात बसण्याआधीच बाहेर झिरपतो. त्यावर मण्याला प्रथिनाचा किंवा कायटोसानचा दुसरा थर देणे, कॅल्शियमच्या द्रावणातला वेळ कमी करणे, द्रावण आधीच आम्लयुक्त ठेवणे, असे उपाय केले जातात, आणि प्रत्येक उपायासरशी खर्च वाढतो. तेलात विरघळणाऱ्या कर्क्युमिनची, किंवा गाजर-टोमॅटोतल्या कॅरोटिनॉइडांची, अडचण नेमकी उलटी आहे: ती पाण्यात झिरपत नाहीत, पण पाण्यात मिसळतही नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत वेष्टन रक्षकापेक्षा वाहनाचे काम अधिक करते. बीटाचा रंग उष्णतेला आणि पालकाचा हिरवा रंग आम्लाला भितो. सर्व रंगांना एकच कवच लागू पडेल, अशी अपेक्षा करणे चूक आहे.

अध्यापिकांच्या मनातली खोलवरची शंका मात्र यंत्राविषयीची नव्हती, नदीविषयीची होती. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला खेटून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते. उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे निळे पाणी तिच्यात उतरत असे; तिच्या आणि उल्हास नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत सोडलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. जीन्सची नीळही मुळात वनस्पतीचीच होती. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने १८९७ साली कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि पुढच्या काही दशकांत निळीची शेती मोडीत निघाली.

अध्यापिका: "रंग टिकवणे हे या नदीकाठाला नवे नाही. टिकवलेल्या रंगांचेच पाणी इथल्या लोकांनी पाहिले आहे. जांभळाचा रंग नैसर्गिक आहे, एवढ्यावर त्याच्या कारखान्याचे पाणी स्वच्छ ठरत नाही."

अभियंता: "ठरत नाही, बाई. फळाच्या गराचे पाणी साखरेने भरलेले असते. ते नदीत गेले की जिवाणू ती साखर खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी हे जे सांडपाण्याचे माप आहे, ते फळप्रक्रियेच्या पाण्यात घरगुती सांडपाण्यापेक्षा पुष्कळ जास्त निघते. राळेच्या स्तंभातून वाहून गेलेली साखर, स्तंभ धुतलेले पाणी, परत मिळवून पुन्हा वापरायचे अल्कोहोल, या सगळ्याची सोय आधी करायची आणि मग रंगाचे बोलायचे. फरक एवढाच, की हे पाणी जिवाणूंना पचवता येते. शुद्धीकरणाची टाकी नीट चालवली तर ते निवळते. अनेक कृत्रिम रंगांचे रेणू मुळात तुटू नयेत म्हणूनच रचलेले असतात, त्यामुळे ते तिथेही सहजासहजी तुटत नाहीत."

अभियंत्याच्या या उत्तरात सूक्ष्मावेष्टनाचे खरे समर्थन दडलेले आहे. टिकाऊपणाचे दोन प्रकार आहेत, आणि या पट्ट्याने आजवर अनुभवला तो पहिला: रेणूच असा घडवायचा की ऊन, आम्ल, जिवाणू, कशानेही तो मोडू नये, मग तो पदार्थात टिकतो, पोटात टिकतो आणि नदीतही टिकतो. दुसऱ्या प्रकारात रेणू आहे तसाच नाशिवंत ठेवून त्याच्याभोवती काही महिन्यांपुरती भिंत उभारली जाते. ती विरघळली की रेणू पुन्हा आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो आणि संपतो. नक्कलकागदावरचा कण फुटण्यासाठी बनवला होता, तसाच हाही. अध्यापिकांनी रंगाच्या ज्या नाजूकपणाची बाजू घेतली, त्याला दुसऱ्या प्रकारात धक्का लागत नाही, आणि म्हणूनच त्यांचा पहिला आक्षेप अखेरीस गळून पडतो; माल्टोडेक्स्ट्रिनचा आक्षेप मात्र तसाच उभा राहतो.

उरला तो प्रश्न झाडांचा. बदलापूर परिसरात इमारती वाढत गेल्या तशी जुनी जांभळे तोडली गेली, आणि जी आहेत त्यांवर चढून फळ उतरवण्याचे व ते बाजारात नेण्याचे काम मुख्यतः आदिवासी कुटुंबे करतात. चांगले, न फुटलेले फळ ताजे विकले जाते आणि त्याला भावही मिळतो. फुटलेले, पावसाने ओले झालेले फळ वाया जाते. अभियंत्याचे म्हणणे असे, की रंगासाठी नेमके हेच फळ पुरेसे आहे, कारण रंगद्रव्य सालीत दाटलेले असते. मात्र साल फाटली की पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेच्या साहाय्याने रंग तपकिरी करू लागते, म्हणून फळ गोळा झाल्यापासून काही तासांत वाफेचा चटका देऊन आणि लिंबातले सायट्रिक आम्ल मिसळून ते थांबवावे लागते. याचा अर्थ पहिले काम अंबरनाथच्या कारखान्यात होऊच शकत नाही. ते बदलापूरच्या गावांत, झाडांच्या जवळ, लहान यंत्रावर व्हायला हवे, आणि तेथून थंड पेटीत लगदा पुढे जायला हवा. अध्यापिकांना हा तपशील सर्वांत पटला, कारण वाया जाणाऱ्या फळालाही दाम मिळू लागला तर कुंपणालगतचे जांभूळ तोडण्याआधी कोणीतरी दोनदा विचार करील, असे त्यांना वाटते. बाहेरच्या जांभळाची भुकटी बदलापूरच्या नावाने विकली जाऊ नये, यासाठी मानांकनाचा उपयोग भुकटीलाही व्हावा, अशी त्यांची मागणी आहे.

शेवटी पाकिटावर काय छापावे यावर दोघे थांबले. मधुमेह बरा होतो, असे छापायचे नाही, यावर मतभेद नव्हता. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांत अन्नपदार्थाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. वाद राहिला मुदतीचा. अभियंत्याने सुचवले, की भुकटीचा गोळा होतो किंवा चव बिघडते तो दिवस मुदतीचा शेवट न धरता, आतले अँथोसायनिन छापलेल्या आकड्याच्या खाली उतरते तो दिवस धरावा, आणि चाचणी थंड प्रयोगशाळेत न करता कोकणातल्या पावसाळ्याच्या हवेत, ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता ठेवून करावी. तसे केले, तर दोन वर्षांची मुदत छापता येणार नाही, कदाचित वर्षभराचीच भरेल, आणि विक्रेते कुरकुर करतील, हेही त्याने सांगितले.

"वर्षभर पुरे," अध्यापिका म्हणाल्या. "तोवर पुढचा हंगाम येतो."